चुका कमी, वेळ फार: मराठी वाचणाऱ्या मुलाचा डिस्लेक्सिया

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा चौथीत, मराठी माध्यमात. ऐकलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलांसकट सांगतो, परिसर अभ्यासाचे प्रश्न तोंडी विचारले की उत्तरं जिभेवर. पुस्तक उघडलं की मात्र बोट ठेवून एकेक अक्षर. धड्याचं एक पान संपेपर्यंत घामाघूम, आणि शेवटी विचारलं की सुरुवातीचं काहीच आठवत नाही. वर्गशिक्षिका म्हणतात, "त्याला वाचता येतं हो. चुका फारशा नसतातच. आळस आहे." चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायचा, हा तिथला उपाय. आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत: हा डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला शिकताना येणारी अडचण, असू शकतो का, असला तर शाळेत कसं निभवायचं, आणि परवा रात्री झोपताना मुलाने विचारलं, "आई, मी ढ आहे का?" त्याला काय उत्तर द्यायचं?

मी विशेष शिक्षिका म्हणून वीसहून अधिक वर्षं अशा मुलांबरोबर बसते आहे. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते बाईंचं वाक्य: "चुका फारशा नसतातच." बाईंचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला आहे.

डिस्लेक्सियाबद्दल आपण जे वाचतो-ऐकतो, ते बहुतेक इंग्रजीतून आलेलं असतं. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं फार बेभरवशाचं. एकाच अक्षराचे पाच उच्चार, एकाच उच्चाराची चार स्पेलिंगं. तिथे डिस्लेक्सिया असलेलं मूल धडाधड चुकतं आणि ते लगेच दिसतं. मराठीत लिहिलंय तसं बहुतांशी वाचता येतं. त्यामुळे आपलं मूल चाचपडत, अक्षराला अक्षर जोडत का होईना, शब्दापर्यंत पोहोचतंच. चुका कमी होतात, वेळ प्रचंड लागतो. जर्मन, इटालियन अशा नियमित लेखनाच्या भाषांमध्येही संशोधकांना हेच दिसलं आहे: तिथे डिस्लेक्सिया चुकांपेक्षा वेगात जास्त दिसतो. 1999 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. त्यातला मुलगा इंग्रजी आणि जपानी या दोन्ही भाषांत वाढलेला. जपानी तो उत्तम वाचायचा, इंग्रजीत मात्र डिस्लेक्सिया. लिपी बदलली की अडचणीचं रूप बदलतं.

म्हणून मराठी वाचणाऱ्या मुलाच्या चुका मोजू नका. घड्याळ लावा.

हे मी स्वतः ठेचकाळून शिकले. सुरुवातीच्या काळात सहावीतल्या एका मुलीला तिचे आईवडील माझ्याकडे घेऊन आले होते. मी उतारा दिला, तिने वाचला, अख्ख्या उताऱ्यात दोन चुका. मी म्हटलं, वाचन ठीक आहे, अभ्यासाला जरा शिस्त लावा. दोन वर्षांनी ती परत आली तेव्हा कळलं की ही मुलगी रोज रात्री अकरा-साडेअकरापर्यंत गृहपाठ करत बसायची, कारण वर्गातली इतर मुलं जे अर्ध्या तासात वाचत ते तिला दोन तास पुरत नसे. परीक्षेत शेवटचे दोन-तीन प्रश्न दर वेळी कोरे. माझ्या टेबलावर घड्याळ होतं. मी त्याकडे पाहिलंच नव्हतं.

घरी करून पाहा. त्याने कधीच न वाचलेला, त्याच्या इयत्तेचा साधा उतारा घ्या. पाठ झालेला धडा चालणार नाही, कारण ही मुलं ऐकून पाठ केलेलं 'वाचून' दाखवण्यात पटाईत असतात. एका मिनिटात किती शब्द होतात ते मोजा. त्याच वर्गातल्या दोन-तीन मुलांकडून तोच उतारा वाचून घेता आला तर तुलना करा, मात्र त्याच्यासमोर नको. मग त्याला अर्थ नसलेले शब्द वाचायला द्या: 'टिमूक', 'गोलपी', 'झरेणू'. इथे आठवणीचा किंवा अंदाजाचा आधार नसतो, अक्षरातून आवाज काढावाच लागतो. शेवटी पुस्तक मिटून खेळल्यासारखं विचारा: "'पाणी'मधला सुरुवातीचा प काढून तिथे र ठेवला तर काय होईल?" 'राणी' म्हणायला तो अडखळत असेल, तर मूळ अडचणीच्या आपण बरेच जवळ आलो.

अडचण डोळ्यांत नसते. बोलणं माणसाला आपोआप येतं, वाचणं शिकावं लागतं. बोलताना आवाज एकमेकांत मिसळून येतात. वाचायला शिकायचं म्हणजे त्या सलग प्रवाहातले सुटे आवाज वेगळे ओळखायचे आणि त्यांची गाठ कागदावरच्या खुणांशी बांधायची. डिस्लेक्सियात ही गाठ उशिरा बांधली जाते आणि बांधल्यावरही सैल राहते. मेंदूच्या चित्रणात असं दिसतं की सराईत वाचकाच्या मेंदूच्या डाव्या बाजूचे जे भाग वाचताना जोमाने काम करतात, ते या मुलांमध्ये तितके सक्रिय नसतात. शिवाय अनेकांना पाहिलेल्या गोष्टीचं नाव पटकन जिभेवर आणायला वेळ लागतो. रंगांच्या चौकटींची एक ओळ दाखवली आणि 'नावं भराभर सांग' म्हटलं, तरी ती रेंगाळतात. तिथे तर अक्षरांचा संबंधही नाही. बुद्धीशी याचं देणंघेणं नाही. आनुवंशिकतेशी मात्र आहे: आई किंवा वडिलांना हा त्रास असेल तर मुलाला असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. मी हे सांगितलं की दोनांपैकी एक पालक हमखास खाली बघतात, आणि थोड्या वेळाने म्हणतात, "मीही असाच होतो हो."

'अक्षरं उलटी दिसतात' हा समज फार चिवट आहे. सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं अक्षरं, आकडे उलटे लिहितात आणि पुढे ते सुटतं. इंग्रजीत आरशातल्यासारख्या अक्षरांच्या जोड्या असल्यामुळे या समजाला खतपाणी मिळालं. आपल्याकडे गोंधळ वेगळाच: ब आणि व, घ आणि ध, भ आणि म, प आणि ष. तेव्हा डोळे आणि कान आधी तपासून घ्या, चष्मा लागत असेल तर लावा, पण डिस्लेक्सियासाठी रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 साली संयुक्त निवेदन काढून सांगितलं की या उपायांना पुराव्याचा आधार नाही. अक्षरांत आणि ओळींत थोडं जास्त अंतर ठेवल्याचा मात्र फायदा होतो. इटालियन आणि फ्रेंच मुलांवरच्या 2012 सालच्या अभ्यासात तसं दिसलं होतं, आणि त्याला खर्च काहीच नाही.

आता आपल्या लिपीकडे येते, कारण तुमच्या मुलाचा रोजचा झगडा तिच्याशी आहे.

देवनागरी नियमित आहे खरी, पण ती चारी बाजूंनी वाचावी लागते. काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खाली आणि पहिली वेलांटी चक्क अक्षराच्या आधी. 'दिवस' वाचताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते, जिभेला मात्र आधी द म्हणायचा असतो. सवयीच्या वाचकाला हे जाणवतही नाही. या मुलांना प्रत्येक वेळी एक कोलांटी मारावी लागते, म्हणून त्यांच्या वहीत 'दवस' सापडतो. र तर एकटाच चार वेष घेतो: सूर्य, चक्र, ट्रक, तऱ्हा. त्यातला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चारायचा मात्र त्याच्या आधी. अनुस्वाराचा एकच ठिपका 'अंक', 'अंत' आणि 'अंबर' या तिघांत वेगवेगळा वाजतो. च 'चार'मध्ये एक आणि 'चाक'मध्ये दुसराच. आणि सगळ्यात छुपा अडसर म्हणजे न लिहिलेला अ. 'करवत' हा शब्द मूल एकेक अक्षर सुटं, पूर्ण अ लावून म्हणतं: क, र, व, त. चारही बरोबर, पण जोडून जे कानावर पडतं त्यात त्याला करवत ऐकूच येत नाही, कारण बोलताना आपण 'कर्वत्' म्हणतो. अक्षरं सगळी आली, शब्द आला नाही. बाई ऐकतात तेव्हा चूक नसते. मुलाच्या हाती अर्थही नसतो.

बाराखडीचंही एक सांगून ठेवते. "त्याला बाराखडी येते" असं पालक ठामपणे सांगतात. येते ती चाल. क का कि की हे गाण्यासारखं पाठ असतं. मध्येच 'मू' दाखवा, मग 'शे', मग 'ढि', उलटसुलट. जिथे थांबून त्याला मनात अख्खी रांग म्हणून तिथपर्यंत यावं लागतं, ते त्याला येत नाही असं समजा आणि तिथून शिकवायला लागा. चौथीतला मुलगा आहे म्हणून लाजू नका. माझ्याकडे सातवीतली मुलं वेलांटीपासून सुरू करतात.

शिकवण्याची पद्धत सोपी आहे, चिकाटी अवघड आहे. एका वेळी एकच गोष्ट. सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात शेजारीशेजारी कधीच नाहीत. ब पक्का झाल्याशिवाय व आणायचा नाही. आधी बिनमात्रेचे दोन-तीन अक्षरी शब्द, मग काना, मग दुसरी वेलांटी (ती अक्षराच्या मागून येते म्हणून सोपी), आणि पहिली वेलांटी नंतर. पहिली वेलांटी लिहिताना मी मुलांना आधी अक्षर काढायला लावते, डावीकडे जागा सोडून, आणि मग वेलांटी. सुंदर अक्षराच्या शिक्षकांना हे पटत नाही. पण हाताचा क्रम आणि जिभेचा क्रम एक झाला की 'दवस' कमी होतात, हे मी पुष्कळ वह्यांमध्ये पाहिलं आहे. जोडाक्षरं सर्वांत शेवटी, आणि तीही फोडून: 'गर् + व', मग गर्व. रेतीत किंवा हवेत बोटाने गिरवायला हरकत नाही, मात्र गिरवताना तोंडाने आवाज निघालाच पाहिजे. मुक्याने गिरवलेलं अक्षर म्हणजे नुसतं चित्र.

म्हणूनच 'दहा वेळा लिही' निरुपयोगी. तिसऱ्या वेळेनंतर हात वरच्या ओळीवरून उतरवत असतो, डोकं खिडकीबाहेर असतं. चौथ्या ओळीत एक चूक झाली तर खालच्या सहा ओळींत तीच उतरते. त्याऐवजी शब्द एकदा म्हणायचा, त्याचे आवाज बोटांवर मोजायचे, लिहायचा, झाकायचा, न पाहता पुन्हा लिहायचा. दोनदा. संपलं.

वेग वाढवायचा तर रोज नवं वाचायला देऊ नका. साठ-सत्तर शब्दांचा एकच उतारा चार दिवस वाचू द्या आणि रोजची वेळ कागदावर टिपा. तो खाली येणारा आकडा हेच त्याचं बक्षीस. दुसरा उपाय एकत्र वाचण्याचा: तुम्ही आणि तो एका आवाजात, त्याच्या गतीने. एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने टेबलावर टकटक करायची, तुम्ही थांबायचं. अडला की तीन-चार सेकंद वाट पाहून शब्द सांगून टाका. "अरे, कालच वाचला होतास ना!" हे वाक्य गिळायला मला स्वतःला काही वर्षं लागली. आणि हे सगळं रोज पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, त्याहून जास्त नाही. दमलेल्या मुलाचा तिसरा पाऊण तास म्हणजे फक्त भांडण.

एवढं केलं तरी वाचन एका वर्षात सरळ होईल असं मी सांगणार नाही. अचूकता सुधारते, वेग हळूहळू वाढतो, पण वर्गातल्या सराईत वाचकांपेक्षा तो बहुधा मागेच राहतो. आणि इथेच शाळेची चूक होते. 'आधी वाचायला येऊ दे, मग बाकीचं' असं म्हणत आपण मुलाचा इतिहास, विज्ञान, गोष्टी, कविता हे सगळं वाचनाच्या दाराबाहेर ताटकळत ठेवतो. वाचत नाही म्हणून शब्द कमी, शब्द कमी म्हणून पुढचं वाचन आणखी कठीण. तीन वर्षांत खरोखरच मागे पडलेलं मूल तयार होतं, आणि मग सगळे म्हणतात, बघा, म्हणत नव्हतो?

1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीगत लिहिली. लहानपणीच्या अशा अडचणीची ती अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक. 'डिस्लेक्सिया' हा शब्द त्याच्या नऊ वर्षं आधी, 1887 मध्ये, जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी काढला होता, पण तो मेंदूच्या आजारामुळे वाचन गमावलेल्या मोठ्या माणसांसाठी. मॉर्गन यांचा हा मुलगा, पर्सी, हुशार होता, गणित करायचा, पण स्वतःचं नावही चुकवायचा: अक्षरं तीच, मधल्या दोघांची अदलाबदल, 'प्रेसी'. त्याला काही वर्षं शिकवणाऱ्या मास्तरांचं मत डॉक्टरांनी नोंदवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. त्या मास्तरांनी वर्गात पुढे काय केलं याची नोंद नाही. मला तेच जाणून घ्यायला आवडलं असतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की दोन वाटा एकाच वेळी चालू ठेवायच्या. एक वाचन शिकण्याची, संथ आणि रोजची. दुसरी कानाची, पूर्ण वेगाने. धडे तुम्ही वाचून दाखवा, किंवा मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा म्हणजे तो हवं तेव्हा पुन्हा ऐकेल. त्याच्या वयाची, त्याच्या आवडीची पुस्तकं मोठ्याने वाचा, त्याला 'स्वतः वाचता येतील' अशी बाळबोध नकोत. गृहपाठाच्या उत्तरांपैकी निम्मी त्याने बोलावीत, तुम्ही लिहावीत, खाली 'मुलाने सांगितले, आईने लिहिले' असं स्पष्ट नोंदवून. ऐकून शिकलं तर तो वाचायला आळशी होईल, ही भीती मला दर आठवड्याला ऐकायला मिळते. मी आजवर पाहिलेल्या मुलांमध्ये उलटंच झालं. ज्यांच्याकडे शब्द आणि विषयाचं ज्ञान होतं, त्यांना छापील शब्द ओळखायला मदत झाली.

शाळेत जाताना भांडायच्या तयारीने जाऊ नका. बाईंसमोर चाळीस-पन्नास मुलं असतात. त्यांना एका कागदावर, त्यांना करता येतील अशा चारच गोष्टी लिहून द्या. सर्वांसमोर अचानक उभं करून वाचायला लावू नये; वाचायचंच असेल तर उतारा आदल्या दिवशी सांगावा. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती नसावी, कारण त्याला दर दोन अक्षरांनी वर बघावं लागतं आणि परत आल्यावर जागा सापडत नाही. शेजारच्या वहीचा फोटो चालेल. इतिहास-विज्ञानाच्या उत्तरात मुद्द्याला गुण द्यावेत, शुद्धलेखनाचे गुण भाषेच्या पेपरापुरते. आणि कमी प्रश्न, पूर्ण वेळ: दहा उदाहरणांऐवजी सहा. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात प्रश्न कोणी वाचून दाखवला तर तो सोडवतो का, हे बाईंनी एकदाच करून पाहावं. बऱ्याच शिक्षकांचं मत त्या एका प्रयोगाने बदलतं, माझ्या लांबलचक अहवालाने बदलत नाही.

ऱ्हस्व-दीर्घावरून त्याला छळू नका, बाईंनाही तशी विनंती करा. 'फूल' दीर्घ आणि 'फुलाचा' ऱ्हस्व, 'मीठ' दीर्घ आणि 'मिठात' ऱ्हस्व. हे नियम आहेत आणि चांगले आहेत, पण रोजच्या बोलण्यात तो फरक आपल्यालाही फारसा ऐकू येत नाही. ज्याच्या 'दिवस'मधली वेलांटीच हरवते, त्याला तिची दिशा नंतर शिकवता येईल.

इंग्रजीची गोष्ट वेगळी. मराठीत जो चाचपडत पोहोचतो, तो इंग्रजीत खरोखर कोसळतो. पाचवी-सहावीत अचानक बिघडलं असं वाटतं ते त्यामुळे. स्पेलिंगं पाठ करून घेण्याऐवजी आवाजांवरून इंग्रजी शिकवणारं कोणी मिळालं तर बघा. माध्यम बदलून इंग्रजी करावं का असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. घरची भाषा आणि नियमित लिपी हे त्याचं भांडवल आहे.

रीतसर तपासणी कधी? आता. त्याचं वय योग्य आहे. साधारण आठ वर्षांच्या आधी निदानावर शिक्का मारायचं तज्ज्ञ टाळतात, कारण शिकायला पुरेसा वेळ मिळालेला नसतो. पण मदत सुरू करायला निदानाची वाट पाहायची गरज कधीच नसते. तपासणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक मिळून करतात, अनेकदा बालरोगतज्ज्ञांसह. त्यात बुद्धिमापन, वाचन, लेखन, गणित असं सगळं येतं. त्याच्या शिक्षणाच्या भाषेत तपासणी होणार का, हे आधी विचारा. मराठी माध्यमातल्या मुलाची इंग्रजी चाचणी घेऊन काढलेला निष्कर्ष मी मानत नाही. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी 'डाली' ही चाचणी तयार केली आहे आणि तिच्यात मराठी आहे. तपासताना लक्ष टिकण्याची अडचणही पाहायला सांगा. ती आणि डिस्लेक्सिया बऱ्याचदा जोडीने येतात, आणि एकीवर काम करून दुसरी जात नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया त्यातच येतो) समावेश आहे, त्यामुळे शासकीय प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींचा मार्ग मोकळा होतो. 'शिक्का बसेल' म्हणून काही पालक ते टाळतात. शिक्का तर बसलेलाच असतो, 'ढ' आणि 'आळशी' असा. त्यापेक्षा खरं नाव बरं.

तर त्याच्या प्रश्नाकडे. "नाही रे, वेडा आहेस का" असं म्हणून उडवू नका. त्याने तो प्रश्न पुष्कळ दिवस मनात घोळवलेला असणार, आणि वर्गात रोज त्याचं एक उत्तर त्याला मिळतंय. त्याला नेमकं सांगा. मी साधारण असं सांगते: "तुझं डोकं विचार करायला पटपट चालतं, ते तुला माहीत आहे, कारण ऐकलेलं तुला कळतं आणि लक्षात राहतं. अक्षर बघून त्याचा आवाज आठवायला मात्र तुझ्या डोक्याला जास्त वेळ लागतो. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. खूप मुलांना असतो. तो पूर्ण जात नाही, पण सराव केला की वाचणं सोपं होत जातं, आणि तोपर्यंत आम्ही तुला वाचून दाखवू." निदान झालं नसेल तर नाव वगळा, बाकी सगळं आजही खरं आहे. मग गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. बहुतेक मुलं पुढे एकच विचारतात: "म्हणजे बाईंना हे माहीत आहे?" त्या रात्रीच्या आधी बाईंना तो कागद देऊन झालेला असू दे, म्हणजे तुम्हाला 'हो' म्हणता येईल.